परत न आलेल्या मेल

सिंदेवाहीच्या तहसील कचेरीसमोर बाबूभाईंनी उभी हयात टाइपरायटर बडवला. नकलेचा अर्ज असो की बदलीचा, तो 'साहेबांचे सेवेशी'नं सुरू व्हायचा आणि 'आपला नम्र'वर संपायचा. पुढे अर्जवाले घटले, तेव्हा त्यांनी मशीन कापडात गुंडाळलं आणि साठीच्या उंबरठ्यावर सायबर कॅफे उघडला. साल असेल दोन हजार तीन. लोक हसले, आणि थोड्याच दिवसांत हसणारेच दुकानात येऊन बसू लागले. बाहेरगावी गेलेल्या पोरांना मेल करायची होती ना! गिऱ्हाइकानं मराठीत बोलावं आणि बाबूभाईंनी ते इंग्रजी अक्षरांत धडाधड टाइप करावं, असा कारभार.

पत्ता अस्तित्वातच नसला की मेल आपोआप परत यायची, पाठवणाऱ्याच्या जागी 'मेलर डेमन' हे यंत्राचं नाव घेऊन. ज्याचा जन्म साहेबांना अर्ज करण्यात गेला, तो माणूस याला साहेबाशिवाय दुसरं काय म्हणणार? "डेमनसायबानं परत केली. असा माणूस तिथी नाई म्हंते," असं ते गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगत. एकदा तर त्यांनी डेमनसाहेबांना फेरविचारासाठी विनंतीअर्जही पाठवला होता. साहेबांनी दाद दिली नाही, पण असा कडक अधिकारी बाबूभाईंना मनापासून आवडला. त्यावरून त्यांनी एक नियम बसवला: परत आली नाही, म्हणजे पोचली. हा नियम त्यांनी अख्ख्या तालुक्याला सांगितला.

त्याच नियमानं देवरावांच्या घरात काडी टाकली.

देवराव भात संशोधन केंद्रावर मजूर होते. थोरला मिथुन चेन्नईच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर लागला, तेव्हा बापाची छाती फुगून सदरा अपुरा पडला होता. पण गेल्या उन्हाळ्यापासून पोराचा आवाज बंद. खोलीवरच्या फोनवर कोणी परकाच तमिळमध्ये बोलायचा आणि ठेवून द्यायचा. देवराव दर बाजाराच्या दिवशी येऊन कंपनीच्या पत्त्यावर मेल सांगत. खुशबूचं लग्न ठरलं, ये. आईचे गुडघे दुखतात, ये. एकही मेल परत आली नाही आणि एकाही मेलला उत्तर आलं नाही.

"पोचते ना, बाबूभाई?"

"परत कुठी आली? पोचलीच हाय."

मग शेवटी देवरावांचा संयमाचा बांध फुटला. "लिवा," ते म्हणाले, "तू आमच्यासाठी मेला. बहिणीच्या लग्नात तोंड दाखवू नको." बाबूभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. तीही परत आली नाही.

पुढच्या बाजारी देवराव लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करवून घ्यायला आले. "जयभीम, बाबूभाई. भावाचं नाव टाकू नका."

बाबूभाईंची बोटं थांबली. लग्नाच्या पत्रिकेतून भावाचं नाव काढायचं, ते आपल्या शब्दावर! उद्या या म्हणून देवरावांना वाटेला लावलं आणि ते डोकं धरून बसले. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पत्त्यात मिथुनच्या जागी घरच्या बकरीचं, म्हणजे चांदणीचं, नाव घालून त्याच कंपनीला मेल ठोकली. तासभर वाट पाहिली. डेमनसाहेब गप्प. चांदणी मागच्या अंगणात बोरीचा पाला खात होती, चेन्नईत नोकरीला नव्हती. म्हणजे या कंपनीत नसलेल्या माणसाचीही मेल कोणीतरी मुकाट्यानं ठेवून घेत होतं! बाबूभाईंचा लाडका नियम बकरीनं खाल्ला.

आता कोणाला विचारावं? टपाल आहे तिथं पोस्टमास्तर असणारच, ही त्यांची जुनी समजूत. त्यांनी पत्त्याच्या जागी 'पोस्टमास्टर' घातलं, पुढे कंपनीचं नाव, आणि आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत अर्ज केला. खरंच, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीची मेलव्यवस्था सांभाळणारा कोणी भला माणूस होता. त्यानं लिहिलं होतं: मिथुनला उन्हाळ्यातच कामावरून कमी केलं, त्याचा पत्ता पुसला गेला. नसलेल्या नावांच्या मेल इथं एका सामाईक पेटीत पडतात. सगळा जाहिरातींचा कचरा, म्हणून कोणी उघडत नाही. तुमच्या सगळ्या मेल त्यात पडून आहेत. मिथुनचा खासगी पत्ता माझ्याकडे आहे. तो लाजेनं घरी कळवत नाही, दुसरी नोकरी शोधतो आहे. संध्याकाळी सगळ्या त्याला पाठवतो.

देवरावांनी हे ऐकलं आणि बाकावर बसकण मारली. "पोट्टं एकटं हिंडून राह्यलं, अन् मी त्याले मेला म्हटलं." मग एकदम मान वर करून म्हणाले, "ते शेवटचं बी जाईन का?"

"सगळंच जाईन, भाऊ. अन् नवीन असते ते वरतं दिसते. पहिले तेच वाचन तो."

देवरावांचा चेहरा उतरला. पत्नी, पोरगी, केंद्रावरचे साहेब, कोणासमोर न रडलेला माणूस गमछा तोंडाला लावून हुंदके देऊ लागला. बाबूभाईंनाही भरून आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्यांनी कीबोर्ड ओढला.

"देवरावभाऊ, संध्याकाळ झाली नाई अजून. त्याच पत्त्यावर आणखी एक टाकू. पेटीतच पडन, पण सगळ्याच्या वर."

"पण तिथी तर तो नाई."

"म्हणूनच तं टाकायची. सांगा."

देवरावांनी गमछ्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, "लिवा: पोरा, नोकरी गेली तं जाऊ दे. तू ये. खालचं वाचू नको, ते माह्या रागानं लिवलं." बाबूभाईंनी जसंच्या तसं लिहिलं. 'आपला नम्र' त्यांच्या बोटांवर आलं होतं, ते आवरलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाबूभाईंनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं.

"बाबा, खालचं बी सगळं वाचलं. नोकरी नाही, हात हालवतच येऊन राह्यलो. खुशबूले सांगा."

देवरावांनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. मग गमछा खांद्यावर टाकून म्हणाले, "आता पत्रिका टाइप करा, बाबूभाई. भावाचं नाव पहिले टाका."