अर्थशास्त्र म्हणाली होती ती

चूक माझी होती, आणि ती करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. यातला दुसरा भाग कबूल करायला मला जास्त वेळ लागला.

जबलपूरच्या एका शाळेत मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी दिव्यांग मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं काम माझ्याकडे दिलं. माझा स्वभाव हळवा आहे, तेच माझं प्रशिक्षण मानलं गेलं. दर शनिवारी मी चार मुलांना घेऊन बसायचो. परीक्षेत लेखनिक कसा मागायचा, जास्तीचा वेळ हक्काने कसा घ्यायचा, ‘फळ्यावरचं मोठ्याने वाचा’ असं प्राध्यापकांना न घाबरता कसं सांगायचं, हे शिकवायचो. पहिल्याच शनिवारी मी भिंतीवर मोठा तक्ता लावला : ‘स्वतः बोला’. चौघांपैकी एका मुलीला अजिबात दिसत नव्हतं.

“काय चिकटवून राहिले, सर?” तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“अच्छा. मग बोलूनच सांगायचं ना. कागद काहून वाया घालवला?”

मुलं हसली, मीही हसलो. तक्ता राहिला. तपासणीला येणारे साहेब त्याचा फोटो काढायचे.

ही मुलगी शहरातल्याच गोहलपूर भागात राहायची. घर मूळचं अमरावतीकडचं, वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. ती वर्गात असे प्रश्न विचारायची, की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. कॉलेजात अर्थशास्त्रच घ्यायचंय, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी “बघू” म्हणालो.

बारावीच्या निकालानंतर चौघांचे प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म मीच शाळेच्या संगणकावर भरले. मुलांना उन्हात कशाला त्रास, म्हणून फक्त पालकांना कागद घेऊन बोलावलं. सगळ्या फॉर्मवर मोबाइल नंबरही माझाच टाकला. तिच्या फॉर्ममध्ये पहिली पसंती भरली ती घराजवळच्या मुलींच्या कॉलेजची, विषय संगीत. तिथे रिक्षा अगदी दारापर्यंत जाते, आणि स्नेहसंमेलनात तिने एकदा प्रार्थना म्हटली होती. म्हणायला आम्हीच लावली होती. अर्थशास्त्रात आलेख असतात, तिचं कसं व्हायचं, अशी मला काळजी वाटली. तेच आलेख मी तिला दोन वर्षं शिकवले होते, आणि तिला ते येत होते, हे तेव्हा आठवलं नाही.

चार-पाच दिवसांनी माझ्या मोबाइलवर ओटीपी येऊ लागले. फॉर्म तर केव्हाच भरून झाले होते, म्हणजे हे ठगच, असं मी ठरवलं आणि आलेला प्रत्येक ओटीपी पुसून टाकला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बजावलंसुद्धा, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही म्हणून. मी खरंच कोणाला दिला नाही. जिचा होता, तिलाही नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेज मिळाल्याचा मेसेज आला, तोही मलाच. पेढे घेऊन मी गोहलपुरात पोहोचलो.

“संगीत मिळालं!” मी दारातूनच सांगितलं.

“कोणाला?” तिने विचारलं.

तुलाच, म्हटल्यावर ती दारापर्यंत आली. मग म्हणाली, “मी तीन दिवस फॉर्म उघडून राहिली होती, सर. तुम्ही काय भरलं ते ऐकायचं होतं. ओटीपीच नाही आला. बाबांनी मोबाइल दुकानात नेला. त्या भैयाने सिम पुसून दिलं, तरी नाही आला. नंबर कोणाचा टाकला होता तुम्ही?”

“माझा. मला वाटलं, कोणीतरी ठग आहे.”

“मीच होती ठग.”

तिचे वडील मध्ये पडले. “काय बोलून राहिली तू? सरजींनी एवढं केलं आपल्यासाठी! माफी माग.”

“सॉरी, सर,” ती म्हणाली.

मी “असू दे, असू दे” म्हणालो, एक पेढा खाल्ला आणि घरी आलो.

फॉर्म दुरुस्त करायची मुदत तोवर संपली होती. एकच वाट होती : मिळालेली जागा सोडायची आणि दुसऱ्या फेरीत उतरायचं. तिथे अर्थशास्त्राची जागा उरली नसली, तर वर्ष गेलं. मी फोनवर तिला म्हटलं, “नीट विचार कर.” ती म्हणाली, “केला.”

नंबर बदलायला मदत केंद्रावर जावं लागणार होतं. तिला घेऊन वडील निघाले, बरोबर मीही गेलो. खिडकीतल्या बाबूने तिच्या डोक्यावरून मला विचारलं, “बच्ची को क्या दिलवाना है?”

मी तोंड उघडलं. सवयच ती.

“भैया, बच्ची से पूछिए ना,” ती म्हणाली. “अर्थशास्त्र लेना है. और मोबाइल नंबर बदलना है, ये वाला सर का है.” मग माझ्याकडे वळून, “सर, तुम्ही बाहेर बसता का जरा?”

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. माझ्या शनिवारच्या वर्गाचं ते पहिलं ठळक यश होतं, आणि ते मला दाराबाहेर बसून पाहावं लागलं.

अर्ध्या तासाने ती काठी टेकत आली. दुसऱ्या फेरीचं काय होईल, हे आत कोणीच सांगू शकलं नव्हतं. वडील स्कूटर काढायला गेले. मधे पडणारं कोणी नव्हतं. मी घरून एक लांबलचक माफी ठरवून आणली होती. त्या माफीत रिक्षा होती, ऊन होतं, माझा चांगला हेतू तर होताच. ती मी सोडून दिली.

“तू दोनदा अर्थशास्त्र म्हणाली होतीस,” मी म्हणालो. “मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी संगीत भरलं, कारण तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं मी धरून चाललो. आणि त्या दिवशी तुझ्याच घरात तुझ्याकडून सॉरी म्हणवून घेतलं. ते मी म्हणायला हवं होतं. मी चुकलो. मला माफ कर.”