वर्ज्य पदार्थ, क्रमांक चार

माझ्या दुकानाच्या गादीवरून समोरच्या दवाखान्याचा बोर्ड दिसतो. लाल अक्षरांत लिहिले आहे : 'हृदयविकार व रक्तदाब – वर्ज्य पदार्थ'. खाली अकरा नावे. चौथे नाव काजू. हा बोर्ड मी चौदा वर्षे वाचला. देवाचे नाव मी इतक्या वेळा घेतलेले नाही.

दुकान सुक्या मेव्याचे आहे. त्याआधी औंढ्याला मंदिराच्या रस्त्यावर मी टोपलीत काजूचा तुकडा विकायचो, आणि त्याच्याही आधी सेनगावच्या जीप स्टँडवर शेंगदाणे. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. हिंगोलीत दुकान उभे केले आणि सहा महिन्यांत समोर डॉक्टरसाहेब आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेंटर बोलावला. पेशंट बाहेर आला की आधी बोर्डाकडे पाहायचा, मग माझ्याकडे, आणि आजार मीच विकला असे तोंड करून निघून जायचा. सातव्या नंबरला भजी होती. शेजारच्या भजीवाल्याच्या गाडीला काही झाले नाही. बहुतेक लोक चौथ्या नंबरपर्यंतच वाचत असावेत.

पहिल्याच वर्षी मी भांडायला गेलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, हे माझे मत नाही, शास्त्र आहे. मी शास्त्राविषयी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. कंपाउंडरने मला दंडाला धरून बाहेर आणले, पाच पेशंटांच्या देखत. तेव्हापासून बोलणे बंद. मला ताप आला तरी मी एसटीने नांदेडला जायचो. तिथे पोचेपर्यंत ताप वाढलेला असायचा.

दरम्यान काजूचा धंदा बदलला. पूर्वी कोकणात बाया बसून बिया फोडायच्या. कवचातले तेल कातडी जाळते म्हणून हाताला राख लावायच्या. आता बिया आफ्रिकेतून जहाजाने येतात. फोडते यंत्र, साल काढते यंत्र, रंग निवडतो कॅमेरा. दलाल फोनवर कौतुकाने सांगतो की माणसाचा हात लागत नाही. माल पांढराशुभ्र, एकसारखा, तक्रारीला जागा नाही. फक्त तो सुईवर टिकत नाही.

आमच्याकडे लग्नात व्याह्यांच्या गळ्यात सुक्या मेव्याचा हार घालतात. माझी बायको हे हार ओवते. काजू दोन तास ओल्या फडक्यात ठेवायचा आणि मग त्याच्या पोटातून सुई काढायची. यंत्राचा काजू फार कोरडा असतो. सुई टोचली की त्याच्या दोन पाकळ्या होतात. गावात दोन लग्नांत फोटो काढेपर्यंत निम्मा हार व्याह्यांच्या पायाशी पडला होता. तेव्हा मी मालवणकडे हाताने बिया फोडणारा एक लहान कारखानदार शोधून काढला. भावासाठी आम्ही फोनवर तासभर घासाघीस केली. त्याने दोनदा फोन ठेवला, मी दोनदा लावला. त्यानंतर हिंगोलीत न तुटणारा हार फक्त माझ्या दुकानात मिळू लागला.

मागच्या वर्षी डॉक्टरसाहेबांच्या मुलीचे लग्न ठरले. लग्नाच्या दोन दिवस आधी ते स्वतः रस्ता ओलांडून आले. हातात पिशवी, पिशवीत दुसरीकडून आणलेले पाच हार, म्हणजे पाच दोरे आणि काजूच्या पाकळ्या.

"शेठ, पाच हार पाहिजेत. भाव तुम्ही म्हणाल तो."

हे वाक्य मी कोणत्याही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेले नव्हते. मी ते त्यांना पुन्हा म्हणायला लावले. मग मी म्हणालो, भाव नको. "बोर्डावरचे काजू काढा. त्याबिगर हार न्हाई."

बायको आतून म्हणाली, "पोरीचं लग्न हाये. हार द्या, भांडण मागून करा."

डॉक्टरसाहेब स्टुलावर बसले. शांतपणे म्हणाले की तो बोर्ड तसा जुनाच झालाय. काजूत कोलेस्टेरॉल नसतेच. त्यातली चरबी बरीचशी चांगल्या जातीची असते, आणि थोडे खाल्ले तर पूर्वी वाटायचे तसे नुकसान होत नाही, असे आता संशोधन सांगते.

मी विचारले, कधीपासून सांगते?

"झाली काही वर्षं."

"तुमाला काही वर्षांपासून माहीत हाये. मग बोर्ड तसाच काहून?"

"पेंटर बोलवायचं राहून गेलं."

मी तराजूतले किलोचे वजन उचलले आणि परत ठेवले. बायको ओवायची सुई घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. ती नक्की कोणावर धरली होती ते मी अजून विचारलेले नाही.

मी रागाने विचारले, थोडे म्हणजे किती? ते म्हणाले, मूठभर, बिनमिठाचे. मी म्हणालो, मूठ हे काही माप नाही. ते तीस ग्रॅमवर आले. मी सांगितले की एकशेऐंशी नंबरचा मोठा काजू तीस ग्रॅममध्ये बारा बसतो आणि तीनशेवीसचा लहान काजू वीस, तर पेशंटला नेमके काय सांगणार? ते म्हणाले, हे मला कॉलेजात शिकवले नव्हते. अखेर ठरले : उद्या पेंटर येईल आणि चौथी ओळ दुरुस्त होईल. आधी बोर्ड, मग हार.

दुसऱ्या दिवशी पेंटर शिडीवर चढला. त्याने काजूवर पांढरा रंग मारलेला मी डोळ्यांनी पाहिला आणि बायकोला सांगितले, दे हार. ती हार घेऊन गेली. मी चहा मागवला. कप रिकामा होईपर्यंत चौथी ओळ पुन्हा भरली होती : 'खारे काजू'.

माझ्या दुकानात दर्शनी फळीवर ज्या सहा बरण्या होत्या, त्या सगळ्या खाऱ्या काजूच्या होत्या.

मी तसाच मांडवात गेलो. डॉक्टरसाहेबांच्या गालाला हळद लागलेली होती. म्हणाले, "बिनमिठाचे म्हणालो होतो, शेठ. तुम्ही मापावरून भांडत होता." आणि मला जेवूनच जायला सांगितले. मी जेवलो. दुसऱ्या दिवशी लग्नात हार पाचही टिकले. जानवशातून आणखी दोन हारांची मागणी आली.

खाऱ्या बरण्या मी मागच्या फळीवर नेल्या, साधा काजू पुढे मांडला. आता पेशंट बोर्ड वाचून सरळ माझ्याकडे येतात आणि बिनमिठाचे मागतात. विक्री पूर्वीपेक्षा बरी आहे. ही गोष्ट डॉक्टरसाहेबांनी हसत हसत चार लोकांत सांगितली, आपल्या बोर्डामुळे शेठचा धंदा वाढला म्हणून. ते मला कळले. तेव्हापासून आमचे बोलणे परत बंद आहे.