तेरा लेअर

पहिली रेघ काढली तीच मुळी फ्लेक्सवाल्याची निघाली. जाड, ठसठशीत, रस्त्यापलीकडून दिसेल अशी. मला हवी होती केसासारखी बारीक, अंधारात उजळत जाणारी. सहा वर्षं नवापूरच्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्या हाताकडून दुसरं काय होणार, डोंबल!

सुरतला साड्यांचे प्रिंट करणाऱ्या एका ऑफिसात डिझायनरची जागा निघाली होती. त्यांनी नमुना मागितला होता. फूल नको, मोर नको, काळ्यावर चमकणाऱ्या नुसत्या रेघा. शनिवारी पाचच्या आत फाइल पाठवा आणि लेअर उघडे ठेवा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असतात, त्यातली एकेक काच म्हणजे लेअर. उघडे असले की कुठे काय केलंय ते उचलून बघता येतं. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव अडकला होता तिच्यात. भावी सरपंचांचे गाल गोरे करून करून मी विटले होते.

दुपारी शेठ जेवायला घरी जात, तो दीड तास माझा. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि बघत बघत करायचं. व्हिडिओतला माणूस म्हणे, आता थोडा ग्लो द्या. थोडा म्हणजे किती रे बाबा? कमी दिला तर रेघ मेलेली, जास्त दिला तर सरळ ट्यूबलाइट. वाकवायला गेले की मधेच कोपरा निघे. तीन दिवस हेच. माउस आपटला तेव्हा त्याचं एक बटण गेलं, ते मीच फेव्हिक्विकने चिकटवलं.

शेठ एकदा लवकर परत आले. स्क्रीन पाहून दारातच थबकले.

"कोन गया वं?"

कारण आमच्या दुकानात काळा रंग एकाच कामाला लागतो, श्रद्धांजलीला. लग्नाच्या नाही, वाढदिवसाच्या नाही, दुकानाच्या उद्घाटनाच्या तर नाहीच नाही. मी म्हटलं, "कोनी नई गया शेठ, शिकी ऱ्हायनी." ते मान हलवत गल्ल्यावर जाऊन बसले.

शनिवारी साडेतीनला जमलं. एकच रेघ तीनदा घ्यायची, हे माझं मलाच सापडलं. खालची निळी आणि पार धूसर, मधली कमी धूसर, वरची पांढरी, अगदी सुईच्या टोकाएवढी. अशा चार रेघा, आणि खाली काळा. तेरा लेअर. रेघा जिथे एकमेकींवरून जात होत्या तिथे उजेड आपसूक वाढला होता. मी खुर्चीतून उठून मागे जाऊन पाहिलं. माय वं, हे मी केलं!

आणि लाइट गेली.

यूपीएस बोंबलायला लागला. आमचा यूपीएस तीन मिनिटं टिकतो, आणि त्या तीन मिनिटांत काय करायचं हे दुकानात ठरलेलं आहे. सगळे लेअर मर्ज, सेव्ह, बंद. मर्ज म्हणजे साऱ्या काचा वितळवून एकच करायची. मागे एक गिऱ्हाईक आमची उघडी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन समोरच्या दुकानात गेलं होतं. त्यांनी नाव बदललं, फोटो बदलला, आमची मेहनत फुकटात छापली. तेव्हापासून शेठचा नियम, फाइल कायम मर्ज करून ठेवायची, म्हणजे कोणी चोरणार नाही.

माझ्या बोटांनी तेच केलं. मर्ज, सेव्ह, बंद. मी नव्हतं केलं, बोटांनी केलं. स्क्रीन काळी झाली तेव्हा कळलं. तासाभराने लाइट आली, फाइल उघडली, तर एकच लेअर. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

शेठ म्हणाले, "चित्र तं तेच शे ना? धाडी दे."

पाचला पाच कमी असताना धाडलं. थोड्या वेळाने सुरतहून फोन आला. माणूस गुजराती वळणाचं मराठी बोलत होता, आवाज गोड. "बेन, चित्र फार सुंदर आहे. पण लेअर कुठे? नेटवरून उचललेली चित्रं अशीच बंद येतात."

मी लाइट सांगितली, यूपीएस सांगितला, समोरचं दुकान सांगितलं. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. तो "हां, हां" म्हणत होता. चोरी होऊ नये म्हणून जे केलं, त्यानेच मी चोर ठरले. रविवारी दुकान उघडून तेच चित्र पुन्हा केलं, लेअर उघडे ठेवून पाठवलं. या वेळी अडीच तासांत झालं, मेलं! सोमवारी उत्तर आलं, जागा भरली.

आठवड्याभराने कुणाचे तरी आजोबा गेले. शेठनी मला न विचारता ती मर्ज केलेली फाइल घेतली, मधे आजोबांचा फोटो टाकला आणि छापून मोकळे. फ्लेक्सवर निम्मा उजेड मेला होता, तरी बस स्टँडसमोर लोक थांबून बघत होते. खांडबाऱ्याच्या गाडीची वाट बघत मी खालीच उभी होते. शेजारचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हाई बॅनर सुरतनं दिखस. आठे नवापूरमा नई व्हस असं."

"आठलंच शे!" मी ओरडले. "मी करेल शे!"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसला.

"तेरा लेअर व्हतात त्याले!" मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. तो दोन पावलं मागे सरकला, आणि गाडी आली म्हणून मी चढले.