तोकुजींच्या गाठी

माझे सासरे तोकुजी गवताचं छप्पर शाकारण्यात आमच्या खोऱ्यात एक नंबर होते. पुरुषभर बर्फ अंगावर घेऊन चाळीस हिवाळे काढील असं छप्पर. आमचं घर त्यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शाकारलं, सगळं गाव हाताखाली घेऊन, दोन दिवसांत. आढ्याच्या गाठी मात्र स्वतः मारल्या. "हे मला पुरून उरतंय," असं दर हिवाळ्यात बर्फ उतरवताना म्हणायचे आणि खूश व्हायचे.

छप्पर तीन वर्षांचं असताना मी लग्न होऊन आले. मी ताकाओकाची, शहरातली. माजघरात जमिनीत खोदलेली चूल होती आणि सासरे ती भर उन्हाळ्यातही धुमसत ठेवायचे. माहेरी गेले की कपड्यांच्या धुराच्या वासानं बहीण नाक मुरडायची, "आली बाई आमची सुकी मासळी!" मला ते फार झोंबायचं. मी नवऱ्याच्या मागे लागून रॉकेलची शेगडी आणवली आणि चूल बंद केली. गावातलं कोणी येणार असलं की तेवढ्यापुरती पेटवायची, लाजेकाजेस्तव.

"सूनबाई, ती चूल आपल्यासाठी नाही गं, छपरासाठी आहे," मामंजी म्हणाले. "धूर नसला की गवत ओलं राहतं. मग किडा पडतो, कुजतं."

"मग मुलाचं लग्न छपराशीच लावायचं होतं ना, मामंजी!"

ते हसले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही, आणि मला वाटलं, मी जिंकले. मूर्ख होते मी, दुसरं काय!

छपराच्या अठराव्या वर्षी, बर्फ वितळताना, ते गळून थेंब जेवणाच्या ताटात पडला. वर हात घातला तर गवत चिखलासारखं हातात आलं. सगळं गाव मिळून दर वसंतात पाळीपाळीनं एकेक घर शाकारतं. आमची पाळी यायला बावीस वर्षं बाकी होती, म्हणून दुसऱ्या कोणाची तरी पाळी मागे सारावी लागणार होती. त्यासाठी गावकरी आमच्याच घरी जमले. चूल अर्थातच पेटवली होती.

इवाओ म्हणजे मामंजींचा बरोबरीचा कारागीर, लहानपणापासूनचा स्पर्धक. "काय रे तोकुज्या, चाळीस वर्षं ना? अठरातच रडायला लागलं? गवत बांधलंस की दाढी चिकटवलीस?"

सगळे खदखदून हसले. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "चूल रोज पेटते ना रे?"

मी चहा ओतत होते. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पेटते की. माझाच हात चुकला. त्या वर्षी गाठी सैल पडल्या माझ्या."

हसू एकदम थांबलं. ज्याच्या गाठी सैल, त्याला आढ्यावर कोण चढू देणार? त्या वसंतात आमच्याच घराच्या आढ्यावर इवाओ बसला होता, आणि मामंजी खाली उभे राहून पेंढ्या वर देत होते. मी पाणी घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"मामंजी, मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते."

"गप. तुला या गावात जन्म काढायचाय. माझं काय राहिलंय आता?"

मी गप्प बसले. मला तेच हवं होतं, हेही खरंच.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. अजूनही शाकारताना कोणाची गाठ सुटली की वरून कोणीतरी ओरडतं, "तोकुजीनं बांधली वाटतं!" सगळे हसतात. मी खाली पेंढ्या देत असते, आणि अजून तोंड उघडलेलं नाही.