अकरा महिन्यांचं कुलूप

मोताळ्याच्या केसरबाईंना कायदा ठाऊक होता तो एवढाच: भाडेकरू सलग बारा महिने राहिला की खोली त्याची होते. म्हणून अकरावा महिना सरताना भाडेकरूनं सगळं सामान ओट्यावर काढायचं, बाईंनी रिकाम्या खोल्यांना आपलं कुलूप ठोकायचं, सगळ्यांसाठी चहा ठेवायचा, आणि चहा झाला की त्यालाच पुन्हा आत घ्यायचं. नवरा सहदेव एसटीत होता. निवृत्तीच्या पैशातून त्यानं या दोन खोल्या बांधल्या आणि हा रिवाजही त्यानंच पाडला. तो गेल्यावर बाईंचं घर या भाड्यावरच चालत होतं.

भाडेकरू शेखर आठवडी बाजारांत बांगड्या विकायचा. "मावशी, चहात अद्रक टाकजा," एवढ्याच अटीवर तो दरसाल हसत सामान काढायचा.

वीस सालच्या टाळेबंदीत बाजार बंद झाले, भाडंही थांबलं. तशात सरकारची सूचना आली: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. शेखरनं ती मोबाइलवरून बाईंना वाचून दाखवली. भाड्याचं बाईंनी मुकाट्यानं ऐकलं. रेशनवर भागवता येईल. पण अकरावा महिना सरत आला होता. त्यांना बसवेना. भाकर तव्यावर टाकून त्या समोरच्या खोल्यांच्या दाराकडे पाहून येत, तोवर भाकर करपे.

"शेखर, भाडं नको देऊ. सामान तेवढं काढ."

"काढू नका म्हणून तर सरकार सांगून राह्यलं, मावशी."

"मी कुठं तुले काढून राह्यली? चहापुरतं म्हणते."

आतून त्याची बायको योगिनी म्हणाली, "काढा हो. नाही तर मावशी आपल्यालेबी झोपू देणार नाहीत."

सकाळीच पेट्या, पलंग, शेगडी ओट्यावर आली. बाईंनी कुलूप लावलं आणि त्या चहा ठेवायला घरात गेल्या. सुनसान रस्त्यावर ओट्यावरचा संसार लांबून दिसत होता. पोलिसांची गस्तीची गाडी थांबली, हवालदार उतरला.

"काय बे, कोणं काढलं तुले बाहेर?"

शेखरनं कुलपाकडे पाहिलं. भाडं थकलेलं, पुढच्या खेपेला हे कुलूप चहानंतर उघडेलच, याची त्याला खात्री वाटेना.

"भाडं थकलं, साहेब," तो म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन बाई दारात आल्या, तर हवालदार त्यांच्यावरच घसरला. "लोकं मरून राह्यले अन् तुम्ही सामान फेकता?"

"फेकलं नाही, साहेब. आम्ही दरसाल काढतो."

"दरसाल?" हवालदारानं कपाळाला हात लावला. समोर उभं राहून त्यानं कुलूप उघडायला लावलं आणि किल्ली शेखरच्या हातात दिली.

गाडी गेली. योगिनी नवऱ्यावर उसळली, "खरं काऊन नाही सांगितलं?"

"खोटं काय सांगितलं?"

"किल्ली दे," बाई म्हणाल्या.

"बाजार सुरू होऊ द्या, मावशी. मग देतो."

"मग माझंबी सामान आत राहू दे, म्हणजे खोली एकट्या तुझी नाही होत," केसरबाई म्हणाल्या. घरातून सहदेवची लोखंडी पेटी ओढत आणली आणि पुढच्या खोलीत भिंतीशी लावली. शेखरनं बांगड्यांची खोकी सरकवून तिला जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी बाई पेटी पाहून गेल्या. दुपारी पुन्हा आल्या. संध्याकाळीही. आठवडा झाला तसं योगिनीनं दिवसा दाराला कडी लावणंच सोडून दिलं.