भाचीला हवी होती उंदराची मूत्रपिंडं

भातकापणी नुकतीच आटोपली होती आणि सुरगाण्याच्या जीपमध्ये आम्ही मामा-भाची खिळे ठोकल्यासारखे बसलो होतो... नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा घोटीला सायकली दुरुस्त करायचो, आणि भाची सुषमा जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली होती.

तिला शेतातल्या उंदरांची मूत्रपिंडं हवी होती. तापाचे जंतू तिथं बिऱ्हाड करतात तेव्हा आत काय नासतं, हा तिचा प्रोजेक्ट. सगळीकडे पिंजरे लावून ती हात हलवत परतली होती, आणि नमुने मिळाले नाहीत तर वर्ष पाण्यात...

पाड्यावरच्या सोमादादाला, माझ्या जुन्या मित्राला, मी आधीच निरोप धाडला होता. पाहुणी येतेय, तिला शेतातले उंदीर पाहिजेत.

पोचलो तर त्याच्या बायकोनं, जनाबाईनं, पानं मांडलेली. नागलीची भाकरी आणि शेजारी खरपूस भाजलेले उंदीर... भात खाऊन पोसलेले, म्हणजे मानाचा पाहुणचार.

"मावशी, यांच्या पोटातलं कुठंय?" सुषमानं पानाकडे बघत विचारलं.

"ती घाण? लांब फेकली. पाहुण्याला घाण वाढू का?"

पोरीचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात तिला जनाबाईच्या बोटावरची ताजी चीर दिसली. नमुने राहिले बाजूला, आधी तिनं ते बोट साबणानं धुतलं. उंदीर वरून ठणठणीत दिसतो, पण जंतू त्याच्या मूत्रपिंडात मुरतात, लघवीतून चिखलात येतात आणि अशा चिरेतून माणसात शिरतात, हे तिनं नीट समजावलं.

"मंग हे खायचं का नाय?" सोमादादा म्हणाला.

"खा की. भाजल्यावर जंतू मरतात."

"मंग तूच बस आधी," जनाबाई म्हणाली. "उपाशी पाहुणी शेतात नाय नेत आमी. जेव, मंग लागतील तेवढे काढून देतो."

आमच्या घरात अंडंसुद्धा चोरून यायचं... सुषमानं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून एक घास घेतला... दुसरा मात्र डोळे उघडे ठेवून.

मग बांधावरची बिळं खणली. जनाबाईच्या हातात सुषमाचे रबरी हातमोजे, आणि सोमादादा बायकोला म्हणतोय, "नर्सबाई, जरा सरका."

सापडलेले उंदीर सुषमानं तिथंच चिरले, तर एका गुबगुबीत उंदराच्या मूत्रपिंडावर पांढुरके डाग निघाले. "बाहेरून पैलवान अन् आतून असा?" सोमादादा बघतच राहिला. नमुने बाटलीत पडले आणि आमचा जीव भांड्यात.

चार शब्द सांगायला जावं, तर आधी पंगतीला बसावं, एवढं मी त्या घरात शिकलो. पुढच्या सुगीला सुषमा हातमोज्यांचा गठ्ठा घेऊन गेली... जनाबाईनं तो हातात घेण्याआधी पानं मांडली.