एका चिठ्ठीचे दोन धनी

नव्वदच्या दशकात मी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाई मिलमध्ये प्रोग्राम लिहायची. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघीच. दुसरी माझी वरिष्ठ, अस्सल सुरती गुजराती. मी तिला बेन म्हणायची. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एका प्रोग्रामनं एकच काम करायचं."

मी ते मनावर घेतलं. कापडाच्या प्रत्येक ताग्याची चिठ्ठी छापायला एक प्रोग्राम लिहिला. छापणं हे एकच काम, नाही का? तीच चिठ्ठी रंगखात्यातले गुजराती मास्तर वाचायचे आणि पॅकिंगवाले काकाही. काका माझ्यासारखेच खानदेशातले.

एकदा मास्तर म्हणाले, "मीटरचे पॉइंट काढून टाक. मला पूर्ण आकडा पुरे." मी काढले. मास्तर खूश. दुसऱ्या दिवशी सकाळीच काका चिठ्ठी फडकवत दारात!

"पोरी, हाई काय करं तू? माझा पाऊण मीटर कुठे गेला? व्यापारी मलाच धरतील!"

मी पॉइंट परत आणले. मग मास्तर रुसले. शेवटी दोघं एकदमच आले आणि माझ्या टेबलापाशी भांडायला लागले, एक गुजरातीत, एक अहिराणीत. गंमत म्हणजे दोघांनाही एकमेकांचं सगळं समजत होतं. बेन तोंडाला पदर लावून हसत होती.

ते गेल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "पण काम तर एकच आहे ना, छापायचं?"

"कामं मोजू नकोस," बेन म्हणाली. "हे बदल, ते बदल असं तुला कोण सांगतं ते बघ."

सांगणारे दोघं होते. मी उत्साहानं त्या प्रोग्रामचे दहा तुकडे करायला निघाले, तेव्हा तिनंच माझा हात धरला. "दोनच माणसं आहेत, बाई!"

मग मी दोन प्रोग्राम केले. एक मास्तरांच्या चिठ्ठीचा, एक काकांच्या.

पुढच्या आठवड्यात मास्तरांना रंगाचा नंबर मोठ्या अक्षरांत हवा झाला. मी तो बदल केला आणि काकांची चिठ्ठी बिघडली नाही ना ते बघायला पॅकिंगमध्ये गेले. काका निवांत चिठ्ठ्या चिकटवत होते.

"काय गं, आज काय नवीन केलंस?"

"तुमच्याकडे काहीच नाही, काका."

"मग बस. चहा घे."